बायपासवर संपलेला खटला

लेखमाला : कायदा आणि विवेक / लेखांक ६

दिवा स्टेशनातून लोकल ठाण्याच्या दिशेने निघाली की डाव्या हाताला पारसिकचा डोंगर लागतो. त्याच डोंगराच्या कडेने मुंब्रा बायपास जातो. रात्रंदिवस कंटेनर आणि ट्रकची रांग लागलेला हा रस्ता दिव्याच्या माणसाला नवा नाही. २३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी या बायपासवरून पोलिसांची एक गाडी चालली होती. बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप असलेला अक्षय शिंदे तिच्यात होता. दुसऱ्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी तळोजा कारागृहातून त्याचा ताबा घेऊन पोलीस ठाण्याकडे निघाले होते. त्याने सोबतच्या अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावलं, गोळ्या झाडल्या आणि स्वसंरक्षणासाठी आम्हाला गोळी चालवावी लागली, असं पोलिसांनी सांगितलं. एक अधिकारी जखमी झाला. शिंदेच्या डोक्यात गोळी लागली. कळव्याच्या रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आलं.

त्या रात्री अनेकांनी पेढे वाटले. ‘बदला पुरा’ अशी पोस्टर्स लागली. पुढचे काही दिवस दफनासाठी जागासुद्धा मिळेना. गावोगाव विरोध झाला, आईवडिलांना हायकोर्टात जावं लागलं आणि अखेर उल्हासनगरात पोलीस बंदोबस्तात दफन झालं.

अटक झालेल्या माणसाचे हक्क आपण मागच्या लेखात पाहिले. त्यावर पहिला प्रश्न हाच येणार, हे मला ठाऊक होतं : अशा माणसालाही हे हक्क द्यायचे? माझं उत्तर ‘हो’ असं आहे. त्या माणसाबद्दल मला कणव वाटते म्हणून मी हे म्हणत नाही. त्या दोन मुलींसाठी, आपल्या पोलिसांसाठी आणि उद्या कुठल्याही पोलीस ठाण्यात उभं राहावं लागणाऱ्या तुमच्या-माझ्यासाठी म्हणतो. आजच्या लेखात त्याची कारणं मांडतो.

राग खरा होता

आधी लोकांच्या रागाबद्दल. २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्टेशनात हजारो लोक रुळांवर उतरले आणि गाड्या जवळपास दहा तास ठप्प झाल्या. त्या गर्दीला नुसतं ‘जमाव’ म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं होईल. पालक तक्रार घेऊन गेले तेव्हा गुन्हा दाखल करायला पोलिसांनी तासन्‌तास लावले, हा त्या रागाचा गाभा होता. नंतर त्या पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि लोक रस्त्यावर उतरल्याशिवाय यंत्रणा हलत नाही का, अशा शब्दांत सरकारला धारेवर धरलं.

हा राग दिव्याच्या ओळखीचा आहे. २ जानेवारी २०१५ च्या सकाळी ठाकुर्लीजवळ बिघाड होऊन लोकल रखडल्या आणि दिव्यात प्रवासी रुळांवर उतरले. दगडफेक झाली, पोलिसांच्या गाड्या पेटवल्या गेल्या. पेटवापेटवीचं समर्थन कोणी करणार नाही. पण वर्षानुवर्षं कोणी ऐकून घेत नसेल तर माणसं कुठल्या थराला जातात, हे या परिसराने जवळून पाहिलं आहे.

तेव्हा एन्काउंटरनंतर वाटलेले पेढे क्रौर्याचे होते, असं मी म्हणणार नाही. कोर्टकचेरीत आपल्याला न्याय मिळेल यावरचा भरवसा उडाल्याचे ते पेढे होते. फौजदारी न्यायाच्या नीतीचा विचार इथूनच सुरू करावा लागतो. यंत्रणा तिचं काम वेळेवर आणि सचोटीने करत नाही, तेव्हा लोक बेकायदा मार्गालाच न्याय समजू लागतात. पण मग उपाय यंत्रणा सुधारण्याचा करायचा की तिला बगल देण्याचा?

पोलिसाच्या गोळीला मर्यादा कोणती?

पुष्कळांचा समज असतो की गुन्हेगाराला गोळी घालण्याचा पोलिसांना काही खास अधिकार आहे. कायद्यात तसा अधिकार नाही. जीव वाचवण्यासाठी बळ वापरण्याचा जो हक्क भारतीय न्याय संहितेने तुम्हा-आम्हाला दिला, तोच पोलिसालाही आहे आणि त्याची मर्यादाही तीच : संरक्षणासाठी लागेल तेवढंच बळ. समोरचा निःशस्त्र झाला, काबूत आला, पळाला, की तो हक्क तिथेच संपतो.

आता एक तारीख पाहा. एन्काउंटरनंतर काय काय झालंच पाहिजे याची नियमावली सर्वोच्च न्यायालयाने ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात घालून दिली. सरन्यायाधीश आर. एम. लोढा आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाचा तो निकाल २३ सप्टेंबर २०१४ चा आहे. मुंब्रा बायपासवर गोळी चालली त्या दिवशी त्याला बरोबर दहा वर्षं झाली होती. तो खटलाही आपल्याच राज्यातला. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मारली गेली होती, त्यांच्या खरेपणाबद्दलच्या याचिकांतून तो निघाला.

नियम सोळा आहेत, त्यांतले मुख्य सांगतो. पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की एफआयआर नोंदवून कोर्टाकडे पाठवायचा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करायचा आणि त्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी चकमकीतल्या प्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरचा हवा. दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी झालीच पाहिजे. गोळी चालवणाऱ्यांनी आपली शस्त्रं तपासणीसाठी जमा करायची. मृताच्या नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचं. शौर्य निर्विवाद सिद्ध होईपर्यंत घटनेनंतर लगोलग बढती किंवा शौर्यपदक द्यायचं नाही.

या शेवटच्या नियमाकडे नीट पाहा. माणूस मारल्याबद्दल बक्षीस मिळणार असेल तर माणसं मारली जाणारच, हा साधा व्यवहार न्यायालयाने ओळखला होता.

पिस्तुलावरचे ठसे

एन्काउंटरची चौकशी म्हणजे पोलिसांवर अविश्वास, असं वाटू शकतं. पण चौकशीत नेमकं काय पाहतात हे कळलं की तो गैरसमज राहत नाही. गोळी झाडणाऱ्याच्या हातावर दारूचे बारीक कण उडतात, म्हणून संबंधितांचे हात लगेच धुऊन ते नमुने प्रयोगशाळेत पाठवतात. पिस्तुलावर कोणाच्या बोटांचे ठसे आहेत, गोळी किती अंतरावरून लागली, शरीरात ती वरून शिरली की समोरून, गाडीत पुंगळ्या कुठे पडल्या, जखमी अधिकाऱ्याची जखम कशी आहे, हे सगळं तपासलं जातं. यातली एकेक गोष्ट पोलिसांचं म्हणणं खरं ठरवू शकते किंवा खोटं पाडू शकते. खरं बोलणाऱ्या पोलिसाला या चौकशीची भीती नसते. उलट त्याच्यावरचा डाग तिनेच पुसला जातो.

मुंब्र्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने दोनच दिवसांनी, २५ सप्टेंबरला, असेच प्रश्न विचारले. गाडीत प्रशिक्षित पोलीस असताना एका माणसाला आवरता का आलं नाही? गोळी पायावर किंवा हातावर न मारता डोक्यात का? ज्याने कधी पिस्तूल हाताळलं नाही त्याला ते सहज चालवता येईल का? न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठापुढे ही सुनावणी झाली.

जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयात आला. गाडीतल्या पाच पोलिसांना त्याने मृत्यूला जबाबदार धरलं. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे मिळाले नाहीत आणि वापरलेलं बळ समर्थनीय नव्हतं, असं त्यात नमूद होतं. पुढे आईवडिलांनी न्यायालयाला सांगितलं की आम्हाला हा खटला पुढे चालवायचा नाही. गरीब माणसं, गाव विरोधात, रोज कोर्टाच्या पायऱ्या चढण्याची ताकद उरली नव्हती. तरी न्यायालयाने प्रकरण मिटवलं नाही. कोठडीतल्या माणसाचा मृत्यू हा केवळ त्याच्या घरच्यांचा प्रश्न नसतो, तो राज्याच्या वागणुकीचा प्रश्न असतो. ७ एप्रिल २०२५ रोजी उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमून गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात बदल केला आणि पथक नेमण्याचं काम राज्याच्या पोलीस महासंचालकांकडे दिलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या पाच पोलिसांवरचे आरोप न्यायालयात सिद्ध झालेले नाहीत. दंडाधिकाऱ्यांचा अहवाल म्हणजे शिक्षा नव्हे. आपली बाजू मांडण्याचा, वकील नेमण्याचा, पुरावा खोडून काढण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे आणि दोष सिद्ध होईपर्यंत ते निर्दोषच मानले पाहिजेत. या पोलिसांना ठोका, असं कोणी म्हणालं तर मी त्यालाही तितकाच विरोध करीन. जो हक्क बायपासवर मेलेल्या माणसाला मिळाला नाही, तोच आज या पोलिसांची ढाल आहे. नियम सगळ्यांना लागू असला तरच तो नियम.

नाशिकचे सहा जण

‘पण तो गुन्हेगारच होता ना?’ हा पुढचा प्रश्न. त्याला उत्तर म्हणून एक खटला सांगतो.

जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका शेतवस्तीवर दरोडा पडला. एकाच घरातल्या पाच जणांचा खून झाला आणि बलात्कारही झाला. ऐकूनच अंगावर काटा यावा असा गुन्हा. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. त्या वेळी कोणी या सहा जणांची बाजू घेतली असती तर लोकांनी त्याला दगड मारले असते.

५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारात सहाही जणांना निर्दोष सोडलं. घटनेतून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळीच चार माणसं ओळखली होती. त्यांच्यावर खटलाच चालला नाही आणि ही गोष्ट झाकली गेली. सोळा वर्षं तुरुंगात काढलेल्या प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई आणि तपास अधिकाऱ्यांवर कारवाई, असा आदेश झाला. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

या सहा जणांना २००३ मध्ये कुठल्याशा घाटात ‘चकमकीत’ मारलं असतं तर? तेव्हाही पेढे वाटले गेले असते. ते जिवंत सुटले ते केवळ खटल्याचं ते रटाळ, खर्चिक, वर्षानुवर्षं चालणारं काम झालं म्हणून. आणि ज्यांनी ते खून केले ते मोकळेच राहिले, हे विसरू नका. निरपराध माणूस अडकतो तेव्हा खरा गुन्हेगार सुटलेला असतो. ठोकून टाकलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र ही चूक कधी उघडच होत नाही.

अक्षय शिंदे निर्दोष होता, असं मी म्हणत नाही. तो दोषी होता की नाही, हे ठरवण्याची जागा कोर्ट होती आणि तिथे तो पोहोचलाच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

मुलींना काय मिळालं?

या सगळ्या गदारोळात सगळ्यात कमी बोललं गेलं ते त्या दोन मुलींबद्दल. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथेच बंद होतो. निकाल लागत नाही. ‘तुमच्या लेकीबरोबर हे घडलं, अमक्याने केलं आणि ते सिद्ध झालं,’ हे वाक्य कुठलंही न्यायालय त्या आईवडिलांना सांगू शकत नाही.

बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा मुलांचा विचार करून बनवलेला आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा आणि त्या वेळी पोलिसाने वर्दी घालायची नाही. साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये. विशेष न्यायालयाने दखल घेतल्यावर मुलाची साक्ष तीस दिवसांत आणि शक्यतो एका वर्षात खटला संपवायचा. ज्याला गुन्ह्याची कल्पना आहे त्याने कळवलंच पाहिजे, न कळवणं हाही गुन्हा.

हा शेवटचा मुद्दा कळीचा आहे. आरोपीवरचा खटला चालला असता तर त्याच्याबरोबर भोवतालच्या माणसांचीही उलटतपासणी झाली असती. मुलींच्या स्वच्छतागृहाकडे पुरुष कर्मचारी कसा गेला, त्याला कामावर घेताना कोणी काय तपासलं, तक्रार कोणाच्या कानावर गेली आणि कोणी ती दाबली, हे सगळं एकाच खटल्यात, शपथेवर, सगळ्यांसमोर आलं असतं. मुख्य आरोपी मेल्यावर इतरांवरची प्रकरणं चालू शकतात, पण त्या खटल्याचा कणाच मोडलेला असतो. एका माणसाला मारून लोकांचं समाधान झालं आणि ज्या ढिसाळपणामुळे हे घडलं तो तसाच राहिला. पुढच्या मुलीला वाचवण्याचं काम त्या गोळीने केलं नाही.

चांगल्या हेतूची घसरण

कार्ल क्लॉकर्स या अमेरिकी अभ्यासकाने १९८० मध्ये हा पेच नेमका मांडला. समोरचा वाईट आहे याची खात्री असलेला पोलीस, चांगल्या कामासाठी म्हणून, वाईट मार्ग वापरतो. पहिल्यांदा त्याचा हात थरथरतो, नंतर सवय होते आणि मग ‘याने खरंच केलं का’ हा प्रश्न मनात येणंच बंद होतं. पोलिसाच्या सचोटीला असलेला मोठा धोका लाचेचा नसून या खात्रीचा आहे.

मुंबईने ही घसरण पाहिली आहे. मन्या सुर्वे ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मारला गेला. ती शहरातली पहिली गाजलेली चकमक मानली जाते. नव्वदच्या दशकात ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ ही उपाधीच तयार झाली. वर्तमानपत्रांनी त्यांचे आकडे छापले, सिनेमे निघाले. शेवट काय झाला? ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखन भैया याला वाशीतून उचललं आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात तो चकमकीत मेल्याचं जाहीर झालं. त्याचा वकील भाऊ तो जिवंत असतानाच अधिकाऱ्यांना तारा पाठवत होता, माझ्या भावाला पोलिसांनी नेलं आहे म्हणून. ही चकमक बनावट होती असं कोर्टाने म्हटलं, २०१३ मध्ये पोलीस दोषी ठरले आणि १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने माजी अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप सुनावली. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आहे. खुनाबद्दल पोलिसांनाच जन्मठेप होण्याची वेळ आली ती पहिल्या चकमकीपासून आपण टाळ्या वाजवत आलो म्हणून.

हैदराबादचंही तसंच झालं. ६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे तिथे बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना मारलं, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने आपल्या विदर्भातले निवृत्त न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांचा आयोग नेमला. पोलिसांची कहाणी विश्वासार्ह नाही आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, असा निष्कर्ष आयोगाने २०२२ मध्ये काढला.

मग करायचं काय?

इटलीच्या बेकारिआने १७६४ मध्ये लिहिलं की गुन्हा रोखते ती शिक्षेची खात्री, तिचं क्रौर्य नाही. आपल्याकडे नेमकी खात्रीच नाही. गुन्हा वेळेवर नोंदला जात नाही, प्रयोगशाळेचा अहवाल रखडतो, सरकारी वकिलाकडे फाइलींचा ढीग असतो, साक्षीदार फितूर होतो. एन्काउंटर यातलं काहीच दुरुस्त करत नाही, उलट हे सगळं झाकून टाकतो.

महाराष्ट्र रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव अभिमानाने घेतो. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल खुद्द राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगणारा हा न्यायाधीश. सत्ता हाती असलेल्यालाही न्यायापुढे उभं राहावं लागतं, हे त्याने दाखवलं. शाळांमध्ये हा धडा शिकवायचा आणि कोठडीतल्या माणसाला गोळी लागली की टाळ्या वाजवायच्या, हे एकत्र चालणार नाही.

दिव्यातल्या, मुंब्र्यातल्या, कल्याण-डोंबिवलीतल्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या चाळीत, सोसायटीत, शाळेत एखाद्या मुलाच्या बाबतीत काही घडल्याची शंका आली तर १०९८ वर फोन करा. जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात जा. हद्द कोणाची, हा वाद घालून तुम्हाला परत पाठवता येत नाही, तक्रार झिरो एफआयआर म्हणून नोंदवावीच लागते. नोंदवली नाही तर वरिष्ठांकडे लेखी तक्रार करा, पालकांच्या सोबत चार जण जा आणि एफआयआरची प्रत हातात पडेपर्यंत ठाण्यातून उठू नका. मुलांच्या शाळेला विचारा की कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का. आणि पुढच्या वेळी कुठल्या बायपासवर आरोपी मेल्याची बातमी आली, तर पेढे आणण्याआधी एकच मागणी करा : एफआयआर दाखवा, चौकशी दाखवा, खटला चालवा. ही मागणी रेटण्याची ताकद बदलापूरच्या रुळांवर उतरलेल्या लोकांमध्ये होती, ती आपल्यातही आहे. ती वापरा.